जुनं पितळी मॉडेल इंजिन: पारखून कसं घ्यावं, गोव्याच्या दमट हवेत कसं जपावं

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी समया, निरांजनं, तांबये अंगणात येतात. चिंच, सोलं, राख, नाहीतर पितांबरी घेऊन पितळ लख्ख करायचं, ही आपल्या हाताला लहानपणापासून लागलेली सवय. आगगाडीच्या जुन्या पितळी मॉडेल इंजिनाला मात्र हा हात लावायचा नाही. नव्यानं या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण चांगल्या इंजिनांचं सर्वांत जास्त नुकसान घासण्यानं झालेलं आहे. चकाकी पाहून इंजिन घेऊ नका, आणि घरी आणल्यावर चकाकी आणायलाही जाऊ नका. पैसे मोजायचे ते त्याच्या चालीसाठी, भाग पूर्ण असल्याबद्दल आणि मूळ पृष्ठभाग शाबूत असल्याबद्दल.

हे इंजिन मुळात काय असतं

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या छोट्या कारखान्यांत ही इंजिनं हातानं घडू लागली. पितळी पत्रा कापून, वाकवून बॉयलर आणि कॅब करायची, घंटा, पंप, झडपा असे बारीक भाग वेगळे ओतायचे आणि सगळं सोल्डरनं जोडायचं. गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकन. पॅसिफिक फास्ट मेल, वेस्टसाइड, बाल्बोआ असे आयातदार मागणी नोंदवायचे आणि युनायटेड, कात्सुमी, टोकियोच्या गिन्झातलं तेनशोदो अशी मंडळी माल पुरवायची. १९७० च्या दशकात येन महागला, जपानी मजुरी वाढली आणि काम हळूहळू दक्षिण कोरियाकडे सरकलं. तिथलं सामहोंगसा हे मोठं नाव. युरोपीय इंजिनं हवी असतील तर स्वित्झर्लंडमधल्या लोझानची फुलग्युरेक्स कंपनी प्रसिद्ध आहे. त्यामुळे खोक्यावर बहुधा दोन नावं सापडतात, एक मागवणाऱ्याचं आणि एक घडवणाऱ्याचं. दोन्ही टिपून ठेवा. किंमत त्यावर ठरते आणि पुढे सुटा भाग शोधायचा झाला तर तीच नावं उपयोगी पडतात.

बरीचशी इंजिनं रंग न देता, फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ थर देऊन विकली गेली. रंग देणं घेणाऱ्याच्या हौसेवर सोडलेलं असायचं. म्हणून बाजारात तीन प्रकार दिसतात: मूळ लॅकरमधलं, कारखान्यातच रंगवलेलं आणि आधीच्या मालकानं रंगवलेलं किंवा रंगवून घेतलेलं. तिसऱ्या प्रकारात फार उत्तम कामही सापडतं आणि जाड रंगाखाली रिव्हेटच्या रांगा गाडून टाकलेलं कामही सापडतं.

साठच्या दशकातली जपानी इंजिनं आणि ऐंशीच्या दशकातली कोरियन इंजिनं यांत फरक आहे. जुन्यात बारकावे कमी, पण बांधणी दणकट, मोटर उघडी आणि मोठी. नंतरच्यात पाइप न् पाइप दिसतो, बंद डबीची मोटर गुपचूप चालते, पण हात लागला की पायरी वाकते. पहिलंच इंजिन घेत असाल तर माझा कौल साठ-सत्तरच्या दशकातल्या मध्यम आकाराच्या जपानी मालगाडीच्या इंजिनाला आहे. पुढे दोन लहान चाकं आणि मग आठ मोठी चाकं, अशी रचना शोधा. ते उघडायला सोपं, दुरुस्तीला सोपं आणि अरुंद वळणावरही निभावतं.

आधी रूळ, मग इंजिन

इंजिनाचा फोटो आवडला म्हणून ते घ्यायचं आणि मग रुळांचं बघायचं, असं करू नका. पितळी इंजिनांचा मोठा साठा एचओ प्रमाणात आहे. म्हणजे मूळ आकाराचा ८७वा भाग (१:८७), आणि रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ प्रमाण १:७६ चं, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. एन प्रमाण १:१६० आणि रूळ ९ मिलिमीटरचे. ओ प्रमाणाचे रूळ ३२ मिलिमीटरचे, आणि ती इंजिनं इतकी जड आणि लांब की फ्लॅटमधल्या माणसानं विचार करूनच त्या वाटेला जावं.

गोव्यात हा छंद करणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दूधसागरच्या घाटातली रेल्वे असते. १८८० च्या दशकात मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत घाट चढलेली ती लाइन मूळची मीटरगेज. ती ब्रॉडगेज झाली १९९० च्या दशकात, आणि त्याच दशकात, १९९८ साली, कोकण रेल्वेही पूर्ण लांबीनं सुरू झाली. एचओ प्रमाणात मीटरगेज दाखवायची तर रूळ १२ मिलिमीटरचे लागतात आणि त्यांवर चालणारं पितळी इंजिन मिळणं अवघड आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ नं भागलं की १९ मिलिमीटरच्या थोडं वर येतं, म्हणजे १६.५ चे रूळ त्यालाही अरुंदच पडतात. म्हणून बहुतेक जण तडजोड करतात: अमेरिकन किंवा जपानी इंजिन, १६.५ चे रूळ आणि भोवतीचा देखावा आपल्या घाटाचा. या तडजोडीत खोटं काही नाही. आपल्या मीटरगेजच्या वायपी वर्गाची पहिली इंजिनं १९४९ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातूनच आली होती आणि त्यांची चाकांची रचना अमेरिकन पॅसिफिक इंजिनांचीच (पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान) आहे. मालगाडीचं वायजी घ्या, त्याची रचना अमेरिकन मिकाडोची (पुढे दोन लहान, मध्ये आठ मोठी, मागे दोन लहान).

मग टेबल मोजा. आठ मोठ्या चाकांचं लहान इंजिन एचओमध्ये साधारण ४५ ते ५५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर चालतं. मोठ्या इंजिनांना पाऊण मीटर आणि त्याहून जास्त त्रिज्या लागते. विकणाऱ्याला त्रिज्या विचारा. त्याला माहीत नसेल तर त्या इंजिनाला मोठी चाकं किती आणि पहिल्यापासून शेवटच्या मोठ्या चाकापर्यंत अंतर किती, एवढं तरी पट्टी लावून मोजून घ्या.

शोधायचं कुठे, आणि कस्टमचं काय

गोव्यात या वस्तूचं ठरलेलं दुकान नाही. पण आपल्याकडे गावोगाव तारवटींची घरं आहेत, जहाजावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत, आणि परदेशातून आणलेल्या वस्तू पेटाऱ्यात तशाच राहिलेल्या असतात. ओळखीच्या लोकांत सांगून ठेवा की जुनी खेळण्यातली आगगाडी, अगदी मोडकी असली तरी, भंगारात द्यायच्या आधी मला दाखवा. भंगारवाला पितळ किलोवर घेतो, त्यामुळे एकदा तिथे गेलेली वस्तू परत मिळणं कठीण. अशा घरातून घेताना वस्तूची खरी किंमत आधी सांगा आणि मग भाव करा. घरच्यांना ती काय आहे हे ठाऊक नसतं, आणि त्यांच्या न कळण्याचा फायदा घेणं शोभत नाही.

घेण्याआधी डोळे तयार व्हायचे असतील तर पुण्याला कोथरुडात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून या. चालत्या मॉडेलचा आवाज कसा असावा, चाल किती संथ असू शकते, हे एकदा प्रत्यक्ष पाहिलेलं पुढे फार कामाला येतं.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टमचा हिशेब आधी करा. मॉडेल रेल्वे खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली धरली जाते. या शीर्षकावरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यावर आणखी कर लागतो, आणि हिशेबात भाडंही धरतात. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाची सक्ती आली. तुमचं पार्सल त्यात धरलं गेलं तर ते अडकतं आणि कागद पुरवत बसावं लागतं. दर बदलत राहतात, त्यामुळे मागवायच्या आठवड्यात चालू दर पाहा. पैसे पाठवण्याआधी कुरियरवाल्याशी किंवा कस्टमच्या एजंटाशी बोला. देशातच असलेलं इंजिन थोडं महाग वाटलं तरी हा सगळा हिशेब मांडल्यावर बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं.

फोटो मागताना

समोरून काढलेला देखणा फोटो काही सांगत नाही. इंजिन उलटं करून पोटाचा फोटो मागा. दोन्ही बाजूंच्या चाकांचा आणि दांड्यांचा जवळून मागा. टेंडरचा (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचा) खालून, कॅबच्या आतला, खोक्याच्या लेबलाचा आणि खोक्यातल्या फोमचाही मागा. फोम पिवळा पडून चिकट झालेला किंवा भुगा होत असलेला दिसला तर तो इंजिनाला कुठे टेकत होता तिथे डाग पडला आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि एक छोटा व्हिडिओ मागा: अगदी कमी वेगात पुढे, थांबा, मागे. वेगात पळणारं इंजिन दोष लपवतं. संथ चालीत तेच लंगडतं.

विकणारा टाळाटाळ करू लागला तर भाव कितीही चांगला असो, सोडून द्या.

हातात आल्यावर

जमिनीवर मऊ टॉवेल पसरा, हात धुऊन कोरडे करा, शक्य तर नायट्राइलचे हातमोजे घाला. घामातलं मीठ पितळावर बोटाचा ठसा उमटवतं आणि काही महिन्यांनी तो काळा दिसू लागतो. इंजिन बॉयलरच्या मध्याला धरून उचला. कॅबच्या कडेला, पायऱ्यांना किंवा पुढच्या जाळीला धरू नका.

आधी नुसतं पाहा. कठडे सरळ आहेत का? घंटा, शिटी, दिव्याची काच, कॅबच्या पायऱ्या जागेवर आहेत का? बॉयलर एका बाजूला कललेला वाटतो का? पुढची जाळी वाकली असेल तर इंजिन एकदा पडलेलं आहे हे समजा, आणि मग चौकटीकडे जास्त बारकाईनं पाहा. कुठे सोल्डर उघडा पडला आहे का, भाग डुगडुगतो का, हे काडीनं हलकेच तपासा. सुटलेला भाग खोक्यात पडलेला असेल तर काळजीचं कारण नाही. भागच हरवला असेल तर भाव उतरवा, कारण तसाच भाग पुन्हा मिळेलच असं नाही.

मग चाकं. मोठ्या चाकांवरचे दांड्यांचे खुंट डाव्या आणि उजव्या बाजूला एकमेकांशी ९० अंशांत असतात. एखादं चाक आसावर जरा फिरलं की हा कोन बिघडतो आणि दांडे प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडखळतात. खरेदीआधी नेमका हाच दोष पकडायचा असतो, कारण तो काढायला सवयीचा हात आणि योग्य साधन लागतं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओत साधारण १४.४ मिलिमीटर हवं. व्हर्नियर जवळ नसेल तर नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचं पत्र्याचं माप घेऊन ठेवा, आयुष्यभर पुरतं. एक जपायचं: मोठी चाकं बोटानं जोर लावून फिरवू नका. मोटरचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा) चाकांच्या बाजूनं फिरवता येत नाही, आणि जोर केला तर नुकसान गिअरचं होतं.

इंजिन आणि टेंडर यांच्यामधली पट्टी नीट पाहा, ही जागा फार महत्त्वाची आहे. या इंजिनांत बहुधा एका रुळाची वीज इंजिनाच्या चाकांतून आणि दुसऱ्या रुळाची टेंडरच्या चाकांतून येते. ती जोडपट्टी वीजवाहक असते आणि तिच्या एका टोकाला तांबूस किंवा काळ्या फायबरची बारीक चकती असते. नखाएवढीही नाही. आधीच्या कोणी इंजिन उघडून बंद करताना ती चकती हरवली की दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात, शॉर्ट होतो आणि विकणारा 'मोटर गेलीय' म्हणून इंजिन स्वस्तात काढतो. चकती नसेल आणि मोटरला जळका वास नसेल तर हा सौदा पुष्कळदा चांगला निघतो. टेंडरच्या बोगी उलट्या बसवल्या तरी असाच शॉर्ट होतो. इंजिनाची ज्या बाजूची चाकं वीज घेतात, त्याच्या विरुद्ध बाजूची चाकं टेंडरमध्ये वीज घेणारी असली पाहिजेत.

आता पोट. मोटरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत रबराची छोटी नळी असते. इतक्या वर्षांत ती कडक होते, चिरते किंवा सैल पडून दांड्यावर नुसती फिरते. मोटर घरघरते आणि चाकं ढिम्म, असं असेल तर बहुतेक वेळा दोष या नळीचाच. ती बदलणं स्वस्त आणि सोपं, त्या आकाराची सिलिकॉनची नळी चालते. प्लास्टिकचा गिअर आसावर दाबून बसवलेला असेल तर भिंगातून पाहा. त्याला उभी चीर गेलेली असली की दर फेऱ्याला टक् असा आवाज येतो. गिअर बदलावा लागतो, चिकटवून भागत नाही.

शेवटी वीज. १२ व्होल्टचा डीसी पुरवठा आणि मध्ये अँपिअर मीटर, एवढं बरोबर न्या. शून्यापासून सावकाश चढवा. निरोगी इंजिन साधारण तीन-चार व्होल्टच्या आसपास हलू लागतं. जुनी उघडी मोटर अर्धा अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढते, तो दोष नाही. बंद डबीची मोटर त्याच्या निम्म्याहून कमीत चालते. काटा सारखा वर-खाली होत असेल तर कुठेतरी घासतंय. काटा एकदम टोकाला गेला तर लगेच वीज तोडा. वर्षानुवर्षं न चाललेलं इंजिन सुरुवातीला कुरकुरतं, त्यावरून लगेच मत करू नका. गिअरमधलं सुकलेलं ग्रीस हेच त्याचं कारण असतं.

घरी आल्यावरचं पहिलं काम

खोकं जपा, लेबल जपा, पण जुना फोम बाहेर काढा. तो कुजताना जे सोडतो त्यानं लॅकर डागाळतं, रंग चिकट होतो. त्याच्या जागी पांढरा पॉलिथिलीनचा फोम कापून बसवा आणि इंजिन आम्लविरहित टिश्यूत गुंडाळा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकानं पितळ काळं पडतं.

फोमचा भुगा चिकटला असेल तर आधी मऊ ब्रशनं झटका. बॉयलरचा सांगाडा यंत्रभागापासून वेगळा करता येत असेल तर तो सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हातानं धुता येतो. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या, गाडीच्या बॅटरीचं मिळतं तेच. विहिरीच्या पाण्यातला क्षार सुकल्यावर डाग ठेवतो. पंख्याखाली पूर्ण वाळवा. मोटरला पाणी लागू देऊ नका.

गिअरबॉक्समधलं सुकलेलं ग्रीस लाकडी काडीनं आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा, प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस किंचित लावा. आसांना आणि दांड्यांच्या खुंटांना सुईच्या टोकानं पातळ तेलाचा एकेक थेंब. जास्त तेल रुळावर उतरतं, मग चाकं घसरतात आणि वीजही नीट मिळत नाही. खोबरेल घालू नका. गार हवेत ते थिजतं. गंजावर फवारायचा डब्यातला स्प्रेही वंगण म्हणून वापरू नका.

उघडी मोटर साफ करताना तिचं चुंबक बाहेर काढू नका. जुनी आल्निको चुंबकं लोखंडी चौकटीतून काढली की तेवढ्यानंही बरीच ताकद गमावतात. मग मोटर जास्त वीज ओढते, तापते आणि ओढ कमी होते. ब्रश आणि कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे भाग) न उघडता जेवढे पुसता येतील तेवढे पुसा.

पृष्ठभागाला हात लावू नका

लॅकरखालचं पितळ काही वर्षांनी मधासारखं गडद होतं, कुठे तपकिरी छटा येते. जुन्या इंजिनाला ही छटा शोभते, आणि संग्राहक त्या छटेसह किंमत देतात. पावडर किंवा पॉलिश लावलं की लॅकर निघतं, रिव्हेटची टोकं बोथट होतात, आणि पावडरचा पांढरा गाळ प्रत्येक पाइपमागे अडकून बसतो तो कधीच पूर्ण निघत नाही. चिंच आणि सोलांतलं आम्ल सोल्डरच्या सांध्यांत शिरतं आणि तिथून हिरवा कळंक चढायला लागतो.

लॅकर ठिकठिकाणी निघून गेलेलं, उघडं पितळ असलेलं इंजिन मिळालं तर धूळ काढून त्यावर संग्रहालयांत वापरतात तसल्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. हे मेण नंतर काढता येतं. नवं लॅकर किंवा रंग देणं हे वेगळं, शिकून करायचं काम आहे. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

अमोनिया मात्र पितळाचा खरा वैरी. काचा पुसायच्या अनेक द्रवांत तो असतो. ब्रिटिश काळात भारतातल्या लष्करी तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण पुढे कळलं: घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण. तुमच्या इंजिनाचा बॉयलरही वाकवलेल्या पत्र्याचाच आहे, आणि आपली हवाही तशीच दमट. म्हणून इंजिनाच्या काचेच्या कपाटावर तो द्रव फवारू नका, कोरड्या कापडानं पुसा. माळ्यावर उंदीर, वटवाघळं येत असतील तर इंजिनाची जागा तिथे नाही.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. इंजिनाला तो काळ काढायला मदत लागते. फार खर्च नाही: हवाबंद झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा. केशरी सिलिका जेल ओलावा पिऊन हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा कामाला येतं. एकाहून अधिक इंजिनं झाली तर छायाचित्रकार कॅमेऱ्यासाठी ठेवतात तसं विजेवर चालणारं कोरडं कपाट घ्या.

डबा बंद करण्याआधी इंजिन खरोखर कोरडं आहे ना, हे पाहा. ओलं इंजिन हवाबंद केलं तर ओलावा आतच कोंडून राहतो. प्लायवूडच्या नव्या कपाटात उघडं ठेवू नका. त्यातून निघणारी आम्लं पितळाला काळपट करतात आणि बॉयलरमध्ये वजनासाठी घातलेल्या शिशाला तर पांढरी पूड आणतात. मिरामार, कोलवा, कळंगुट अशा किनारपट्टीवर घर असेल तर खिडकीजवळचं शोकेसही टाळा. वाऱ्याबरोबर येणारं मीठ पितळावर बारीक खड्डे पाडतं.

एसीच्या खोलीतलं थंड इंजिन पावसाळ्यात बलकांवात (ओसरीवर) दाखवायला आणलं की त्यावर दव साचतं, आतल्या मोटरवरसुद्धा. डब्यासकट बाहेर आणा, अर्धा-पाऊण तास तसाच बंद ठेवा, मग उघडा.

चालवणं आणि दुरुस्ती

न चालवलेलं इंजिन ठीक राहतं, हा गैरसमज आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पंधराएक मिनिटं संथ गतीनं पुढे-मागे चालवा. तेल सगळीकडे फिरतं आणि नवा आवाज लगेच कानावर येतो. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. चाकांसाठी कागदी रुमाल अल्कोहोलनं ओला करून रुळावर अंथरा आणि निम्मी चाकं त्यावर, निम्मी रुळावर ठेवून फिरू द्या. सँडपेपर लावला तर चाकांचा निकेलचा मुलामा जातो.

डिजिटल डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले आदेश वाचून मोटर चालवणारी चिप, बसवायची घाई नको. जुन्या मोटरचा एक ब्रश पुष्कळदा थेट चौकटीला जोडलेला असतो. तो आधी वेगळा केला नाही तर डिकोडर पहिल्याच सेकंदाला जळतो.

एखादा भाग सुटला की आपल्याकडे पहिला विचार सोनाराचा येतो. हात त्याचा नक्कीच बारीक असतो, पण त्याची ज्योत या कामाला फार गरम पडते. कथील-शिशाचा सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि पितळात उष्णता झपाट्यानं पसरते, त्यामुळे एक कठडा जोडताना शेजारचे चार भाग गळून पडतात. डिचोलीच्या कासारांनाही हे काम देऊ नका, त्यांची सगळी कारागिरी जाड पितळाची. चांगल्या वॅटेजचं सोल्डरिंग आयर्न घ्या, टोक स्वच्छ करा, शेजारच्या भागांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा आणि क्षणभर टेकवून उचला. फ्लक्स (सोल्डर धरावा म्हणून लावायचा पदार्थ) राहू देऊ नका. लगेच पुसून, धुऊन काढला नाही तर तिथेच हिरवा कळंक येतो. सराव भंगारातल्या पितळी पत्र्यावर करा, पाहिजे तितका. ज्या भागावर ताण येत नाही, म्हणजे घंटा, शिटी, दिव्याची चौकट, ते दोन द्रवांच्या इपॉक्सीच्या टाचणीएवढ्या थेंबानं बसवले तरी चालतात.

प्रत्येक वेळी इंजिन उघडाल तेव्हा खोक्यातल्या कागदावर तारीख लिहा, आणि काय बदललं, कुठलं ग्रीस घातलं, कुठला स्क्रू कुठून निघाला तेही. स्क्रू सारखे दिसतात पण लांबीत फरक असतो. मागचा लांब स्क्रू पुढे बसवला तर तो थेट गिअरला टेकतो.